राखीव ताकद

५ जानेवारी
ठरलं. नवीन कॉम्प्युटर. तयार नाही घ्यायचा, एकेक पार्ट निवडून जुळवायचा. तयार मशीन घेणारी माणसं वेगळी, आपण वेगळे. बजेट मध्यम आहे. महत्त्वाकांक्षा मध्यम नाही.

उद्देश लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घरात कुणी गेमचं नाव काढलं तर दाखवता येईल. उद्देश ओव्हरक्लॉकिंग. कंपनी प्रोसेसरचा जो वेग सांगते, त्याहून जास्त वेगाने तो पळू शकतो. कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन त्याला तसं सांगावं लागतं, एवढंच. इतकी वर्षं लिफ्ट-देखभालीच्या ऑफिसात काढल्यावर मला हे कुणी शिकवायला नको. लिफ्टमध्ये पाटी असते, 'सहा माणसे'. आठ जातात, लिफ्ट हूं की चूं करत नाही. प्रत्येक गोष्टीत थोडी ताकद राखून ठेवलेली असते. माणसातही. माझ्यात किती राखीव आहे हे साहेबांनी एकदा तरी तपासलं असतं, तर सुपरवायझरची खुर्ची त्या कालच्या पोराला गेली नसती.

गेमही खेळणार. ते ओघानं आलंच.

८ जानेवारी
सासूबाई राहायला आल्या. मार्चमध्ये घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार आहेत. त्यानंतर आवाज नाही, कायमचा. ही दोन दिवस कुणाशी धड बोललेली नाही.

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी एक मार्ग सांगितलाय. आवाज आहे तोवर भरपूर बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं. त्यावरून त्यांच्या आवाजाचा नमुना तयार होतो. पुढे सासूबाई टॅबवर टाइप करतील आणि टॅब त्यांच्याच आवाजात बोलेल. रेकॉर्डिंग जितकं जास्त, जितकं स्वच्छ, तितका आवाज खरा. घाई नाही म्हणाल्या, ऑपरेशननंतर आणून द्या. फक्त जपून ठेवा.

मी हिला म्हटलं, टेक्निकल बाजू माझ्यावर सोड. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. कृतज्ञता असावी.

१४ जानेवारी
मागच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू. जुना कॉम्प्युटर, साधा माइक, खुर्चीत सासूबाई, बटणावर कन्या. सासूबाईंना आधी काय बोलावं सुचेना. मग सुचलं ते थांबेना. सायकल शिकताना कुंपणात कशा घुसल्या, शेजारणीने नेलेली शिडी कशी परत दिली नाही, रजईची घडी कशी घालतात. मध्येच हिला हाक मारतात, "चिमे, पाणी आण गं." तेवढंही कन्या ठेवून देते. ही म्हणाली, बाकी काही नसलं तरी चालेल, ही हाक राहिली पाहिजे.

मी बाहेर बसून प्रोसेसरांची तुलना केली. प्रत्येकजण आपापल्या परीने हातभार लावतोय.

२१ जानेवारी
प्रोसेसर ठरला. मधल्या दर्जाचा, पण 'अनलॉक्ड', म्हणजे वेग वाढवायला मोकळा. मदरबोर्डही तशी मुभा देणाराच घेतला, नाहीतर पहिलवान आणून त्याचे हात बांधण्यासारखं.

कन्येने विचारलं, बाबा, एवढा वेग तुम्हाला कशासाठी हवाय? म्हटलं, वेग कशासाठी हवा असं विचारणाऱ्यांनाच तो मिळत नाही. वाक्य चांगलं जमलं. ऑफिसात वापरणे.

संकल्प: मशीन येईपर्यंत रोज सकाळी चालायला जाणे. बसून खेळायचं तर शरीर तयार हवं.

३० जानेवारी
चालणं सोमवारपासून.

पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार प्रत्येक वाक्याआधी एक सुस्कारा टाकतो, जणू समोरच्याच्या घरची वाईट बातमी त्याला आधीच कळलीये. सुस्कारा टाकून म्हणाला, पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका. केली नाही. मी हट्टी नाही, हे या निमित्ताने नमूद करतो. पण ग्राफिक्स कार्डाने बजेटचा मोठा घास घेतला. आता प्रोसेसरचा कूलर आणि काचेचा कॅबिनेट उरले. काच हवीच. आत काय चाललंय ते बाहेरून दिसलं नाही, तर ते चाललंय कशाला?

५ फेब्रुवारी
मेमरी, म्हणजे रॅम, आणली. दोन पट्ट्या, लाल लाइटवाल्या. बोर्डावर खाचा चार. दोन भरल्या, दोन रिकाम्या. पुढचे दात पडलेल्या माणसाने हसावं तसं दिसणार ते काचेतून. सहन होईना. परत गेलो, सेलमध्ये दुसरी जोडी मिळाली. कंपनी वेगळी, पण डब्यावर आकडे तेच, आणि लाइटही लाल.

दुकानदाराने सुस्कारा टाकला. म्हणाला, दोन पट्ट्या या वेगाला पळतील. चार, त्यातून दोन वेगळ्या घरच्या, एकमेकींशी पटेलच असं नाही. वेग एक पायरी खाली ठेवा आणि मेमरी टेस्ट पूर्ण होऊ द्या. त्याआधी महत्त्वाचं काही मशीनवर टाकू नका, नकळत बिघडतं.

पाटीवर सहाच लिहिणारी हीच ती माणसं.

९ फेब्रुवारी
मार्ग निघाला. जुना कॉम्प्युटर एक्स्चेंजमध्ये देतो, त्यात कूलर आणि काच दोन्ही बसतात. रेकॉर्डिंग अर्थातच आधी नव्या मशीनवर घेणार. हिने विचारलं, आईचं सगळं नीट येईल ना? म्हटलं, जुन्या मशीनमध्ये होतं हाच खरा धोका होता. तिचे डोळे पाणावले. माझ्यावर इतका विश्वास कुणी टाकला की मला आतून बळ येतं. ऑफिसात नेमकं हेच होत नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी ११
मशीन उभं राहिलं. पहिल्या फटक्यात सुरू झालं. कन्येने वायरी जोडल्या, मी देखरेख केली.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. वेग वाढवला की मशीन तापतं, म्हणजे घरातली सगळ्यात थंड खोली हवी. ती मागची. सासूबाईंची. पलंग थोडा सरकवला. हल्ली त्यांचा आवाज सकाळपासूनच बसलेला असतो. काचेतून लाल उजेड पलंगापर्यंत येतो. सासूबाई म्हणाल्या, सिग्नलखाली झोपल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, सवय होईल.

१६ फेब्रुवारी, दुपारी ४
वेग वाढवला. मेमरी डब्यावरच्या पूर्ण आकड्याला. चारही. मशीन दोनदा सुरू होता होता बंद पडलं, तिसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा झालं म्हणजे झालंच की.

कन्या टेस्टचं टुमणं लावून बसली. तुम्हीच सांगता ना, लिफ्टचा एक पार्ट बदलला तरी आधी रिकामी चालवायची, मग वजनं ठेवून चालवायची, मग माणसं. सांगतो खरं. त्या सर्क्युलरवर सही माझीच असते. पण तो नियम लिफ्टचा. कॉम्प्युटरमध्ये कोण वरून खाली पडणार आहे?

१८ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग नव्या मशीनवर घेतलं. फाइली मोजल्या, बरोबर. साइज तंतोतंत. मग एक युक्ती केली. सगळ्या सुट्या फाइली कॉम्प्रेस करून एकच गाठोडं बांधलं. जागाही वाचते आणि मशीनची परीक्षाही होते. जुन्याला जेवणाची वेळ टळली असती, याने चहा निवेपर्यंत संपवलं. शिवाय गाठोड्याची एक प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली, म्हणजे दोन ठिकाणी सुरक्षित. सुट्या फाइली डिलीट केल्या. गेमला जागा लागणार होती.

कन्येने विचारलं, गाठोडं उघडून पाहिलंत का? आत्ताच बांधलेलं कोण सोडून बघतं?

दुपारी जुना कॉम्प्युटर दुकानदाराला देऊन आलो. त्याने विचारलं, पुसून टाकू? म्हटलं, खुशाल.

२२ फेब्रुवारी
आज सासूबाईंचं आणखी थोडं रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. मी त्याच खोलीत वेग आणखी एक पायरी वर नेत होतो. पंख्यांनी जोर धरला. सासूबाई माइकसमोर बसल्या, बोलायला लागल्या, थांबल्या, परत लागल्या. मग म्हणाल्या, जावईबापू, तुमचं विमान आधी उतरवा, मग मी बोलते.

मी म्हटलं, दोनच मिनिटं. त्यावर त्या जे सुरू झाल्या ते बराच वेळ. बसलेला आवाज रागाने मोकळा झाला होता. लग्नात मी बूट हरवल्याचं सोंग केलं होतं तिथपासून त्यांचा पलंग सरकवला इथपर्यंत सगळं काढलं. कन्येने ते मोबाइलवर टिपलं, मैत्रिणींना ऐकवायला. मी बजावलं, ताबडतोब डिलीट कर. बापाची इज्जत आहे.

मग सासूबाई दमल्या. पुढचं रेकॉर्डिंग राहिलंच. आधीचं भरपूर आहे.

२७ फेब्रुवारी
गेम मध्येच बंद पडला. शत्रूच्या अगदी मागे पोचलो होतो. गेममध्येच गडबड असणार. कंपनीला खरमरीत मेल लिहिला.

२ मार्च
कन्येने तिच्या ट्रिपचे फोटो मशीनवर टाकले. एका फोटोचा खालचा अर्धा भाग करडा. मुली आहेत, पाय नाहीत. कॅमेरा स्वस्तातला. ती म्हणाली, मोबाइलवर तोच फोटो नीट दिसतो. मोबाइलचा स्क्रीन लहान असतो, त्यात दोष दिसत नाहीत.

ती मेमरी टेस्ट चालवू का म्हणत होती. नको म्हटलं. टेस्ट चालू असताना मशीन अडकून राहतं, आणि रविवार होता.

६ मार्च
ऑफिसचं तपासणीचं वेळापत्रक घरी नव्या मशीनवर केलं, साहेबांवर छाप पडावी म्हणून. कालच्या पोराने ते परत आणून दिलं. एका इमारतीला तेराशे मजले होते. त्याने शांतपणे विचारलं, हे टायपिंग आहे की अंदाज? मी एकच आकडा टाइप केला होता, तेरा, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला होता. कुणीतरी मुद्दाम बदललं असणार. ऑफिसात माझ्याविरुद्ध वातावरण आहेच.

घरी येऊन खेळलो. खुर्चीत बसलं की पाठीमागे सासूबाईंचा श्वास ऐकू येतो. हल्ली त्यात खरखर असते. हेडफोन लावतो.

११ मार्च
हिने पुन्हा विचारलं, आईचं नीट आहे ना? आज तिसऱ्यांदा. म्हटलं, दोन ठिकाणी आहे. तिने विचारलं, ऐकून पाहिलंस का एकदा? ती मला 'अहो' म्हणते. 'अरे-तुरे'वर आली की मामला गंभीर असतो. म्हटलं, उद्या सगळे मिळून ऐकू.

१२ मार्च
ऐकणं राहिलं. लेव्हल महत्त्वाची होती.

१७ मार्च, सकाळी ८
ऑपरेशन आज. सासूबाईंना स्ट्रेचरवर घेतलं. त्यांनी हिला जवळ बोलावून कानात काही सांगितलं, कन्येचा गाल ओढला. मग मला बोटाने खूण केली. वाकलो. आवाज जवळजवळ नव्हताच. म्हणाल्या, जपून ठेवलंय ना?

म्हटलं, तिजोरीत.

१७ मार्च, दुपारी
ऑपरेशन उत्तम झालं. म्हणजे ते त्यांचं माझ्याशी शेवटचं वाक्य. प्रश्नच होता, पण उत्तर समाधानकारक दिलं.

कँटीनमध्ये बसून गेमच्या पुढच्या भागाची माहिती वाचली. मन रमवणं भाग होतं.

४ एप्रिल
सासूबाई घरी आल्या. गळ्याला पट्टी. काही हवं असलं की चमचा पेल्यावर वाजवतात. एकदा म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे ही. तीनदा म्हणजे मशीन बंद करा.

थेरपिस्ट बाईंचा निरोप आला: रेकॉर्डिंग आणून द्या. उद्या सगळ्यांसमोर उघडायचं ठरवलं. छोटासा समारंभच. कन्येने खुर्च्या लावल्या.

५ एप्रिल
गाठोडं उघडत नाही.

फाइल खराब आहे, असं स्क्रीनवर आलं. मी हसून म्हटलं, होतं असं. दुसऱ्या फोल्डरमधली प्रत घेतली. तीही नाही. अर्थात, ती याच गाठोड्याची प्रत होती. दुसऱ्या प्रोग्रॅमने प्रयत्न केला. एक फाइल बाहेर आली. सासूबाई सायकलीवर बसल्या आणि कुंपणाच्या आधीच आवाजाच्या ठिकऱ्या झाल्या, पुढे नुसती खरखर. बाकी काही निघेना. ही पुढे सरकून बसली होती ती तशीच बसली होती. सासूबाई चमचा हातात धरून होत्या. वाजवला नाही.

कन्या उठली आणि तिने मेमरी टेस्ट लावली. चहा निवायच्या आत स्क्रीन लाल ओळींनी भरला. मी म्हटलं, टेस्टच चुकीची असेल. कन्येने खुर्च्या उचलायला घेतल्या.

६ एप्रिल
दुकानदाराकडे गेलो. त्याने जुनी डिस्क पुसून दुसऱ्या मशीनमध्ये घातली, ते मशीन विकलं, कुणाला ते त्याला आठवत नाही. या वेळी सुस्कारा टाकला नाही. मला टाकलेला चालला असता.

पट्ट्या बदलून देण्याबद्दल मी रागाने बोललो. तो म्हणाला, पट्ट्या चांगल्या आहेत हो. दोन-दोन लावल्या तर आयुष्यभर चालतील.

९ एप्रिल
ही माझ्याशी बोलत नाही. भांडतही नाही. आधी वाटलं, निवळेल. आज ती आईच्या खोलीत बसून मोबाइलवर जुने मेसेज शोधत होती, कुठे आवाज सापडतो का. सासूबाईंना मेसेज पाठवायची सवय नव्हती. थेट फोन करायच्या. फोन रेकॉर्ड कोण करतं?

मी दारात उभा होतो. काही म्हणायचं होतं. म्हणजे मेमरीच्या बाबतीत असं कुणाचंही होऊ शकतं, वगैरे. नाही म्हणालो. फार वाईट वाटतंय. हे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

१० एप्रिल
कन्येने मोबाइल आणून हिच्यासमोर ठेवला. डिलीट केलंच नव्हतं. २२ फेब्रुवारी, विमान उतरवा, बूट, पलंग, सगळं. मागे माझे पंखे घोंघावताहेत, तरी आवाज खणखणीत. ही ते डोळे मिटून ऐकत राहिली. माझ्या नावाने चाललेला उद्धार आमच्या घरात इतक्या प्रेमाने कधी कुणी ऐकला नसेल.

थेरपिस्ट बाई म्हणाल्या, एवढ्यातही नमुना होईल. पण सगळं बोलणं एकाच सुरातलं आहे, तेव्हा आवाज त्याच सुराचा निघेल.

२ मे
टॅब आला.

चारपैकी दोन पट्ट्या काढल्या आहेत. प्रोसेसर, मेमरी, सगळं कंपनीने सांगितलेल्या वेगाला. टेस्ट पूर्ण झाली, एकही लाल ओळ नाही. मशीन आता मी पुढच्या खोलीत आणलंय, तिथे ऊन येतं. कुरकुर करत नाही. काचेतून दोन रिकाम्या खाचा दिसतात. मागची खोली पुन्हा सासूबाईंची, पलंग जागेवर.

त्यांनी पहिल्यांदा हिच्यासाठी टाइप केलं. एका बोटाने, बराच वेळ. टॅब कडाडला: चिमे, रडू नकोस. हुबेहूब सासूबाई. पण अशा आवाजात, की आता पाठीत धपाटा बसणार. ही दचकली, मग हसली, मग रडलीच. आईने मला या सुरात कधी म्हटलं नव्हतं, म्हणाली. सासूबाई मान हलवून नाही नाही करत होत्या आणि हिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. हाताला सूर बदलता येतो.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टाइप करायला घेतलं. मी वाट बघत उभा राहिलो. जे येईल ते ऐकून घ्यायचं ठरवलं होतं. कन्या स्क्रीन वाचून माझ्याकडे बघायला लागली. टॅबने सगळं घर दणाणून सोडलं: जावईबापू, जेवलात का?

जेवलो नव्हतो. हो म्हटलं.